मोलाचा माणूस

पवित्र शास्त्रात कुत्र्याचे नाव बहुधा हेटाळणीनेच घेतले जाते. अपवाद आहे तो तोबितच्या पुस्तकाचा. तरुण तोबिया दूरदेशी निघतो तेव्हा घरचा कुत्राही त्याच्यामागे चालू लागतो आणि परतीच्या वाटेवरही तो सोबत असतो. सेमिनरीत आम्ही हे पुस्तक अभ्यासले, तेव्हा या मुक्या सोबत्याचे आम्हां विद्यार्थ्यांना मोठे कौतुक वाटले होते. मात्र त्या प्रवासात आणखी एक सोबती होता आणि तो रोजंदारीने ठेवलेला होता, या गोष्टीकडे आमचे तितकेसे लक्ष गेले नव्हते. ते जावे यासाठी आम्हांला धर्मगुरू होऊन पंचवीस वर्षे लोटावी लागली आणि मोशीतल्या एका लहानशा घराची पायरी चढावी लागली.

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी ओलांडली की मोशी लागते. पुढे इंद्रायणीचा पूल आणि मग चाकणचा कारखान्यांचा पट्टा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि बाजरी-ज्वारीच्या शिवारांत यंत्रांची घरघर सुरू झाली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या नगरीची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, जालन्यातून, वसईतून, गोव्यातून आणि केरळातून आलेली आपली माणसे याच वस्तीत विखुरलेली आहेत. कारखान्याचा भोंगा आणि मिस्साची वेळ यांचा मेळ घालीत ती श्रद्धा जपतात.

अशाच एका कुटुंबातील भगिनी एका रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे आल्या. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या पतीचे चाकणकडील कंत्राटी काम सुटले होते. शेजारच्या सोसायटीतील एक दांपत्य गावी अडकले, तेव्हा त्यांचा कुत्रा या बाईंनी महिनाभर सांभाळला. दांपत्याने परतल्यावर हाती पैसे ठेवले आणि बाईंना वाट सापडली. पुढे कचेऱ्या पुन्हा उघडल्या. हिंजवडीला नोकरीला जाणारी जोडपी दिवसभर बाहेर राहू लागली आणि त्यांची कुत्री बंद सदनिकांत एकटी पडू लागली. त्यांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, मालक परगावी गेले की चार दिवस ठेवून घेणे, अशी कामे बाईंकडे येऊ लागली. आता त्यांना हाताखाली माणूस हवा होता, आणि त्याआधी घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीला आशीर्वाद हवा होता.

खरे सांगायचे तर आम्ही मनातून खट्टू झालो. माणसांच्या लेकरांना दूध मिळत नाही आणि इथे कुत्र्यांना शाम्पू! आम्ही तसे बोलूनही दाखविले. बाई शांतपणे म्हणाल्या, "फादर, त्या शाम्पूच्या पैशांतून माझ्या दोन लेकरांना दूध मिळतं."

या उत्तराने आम्हांला गप्प केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला आपला कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सांगतो. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असल्याने माणसाने त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे, त्यांना विनाकारण यातना देता कामा नयेत. परंतु जो पैसा माणसांचे दैन्य दूर करण्यासाठी अगोदर खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नव्हे. सधनाच्या कुत्र्यावर खर्च झालेला पैसा एखाद्या गरिबाच्या घरी वेतन म्हणून पोहोचला, तर या दोन बाजूंचा मेळ बसू शकतो. पण तो आपोआप बसत नाही. मध्ये जो मालक असतो, त्याच्या हातून तो पैसा किती आणि कसा पुढे जातो, यावर सारे अवलंबून असते. हे आम्ही त्या दिवशी ओळखले नाही. आम्ही खोलीला आशीर्वाद दिला आणि एक चूकही केली.

चूक अशी. आमच्या धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल सभेच्या मदतीवर एक कुटुंब होते. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राही. कधी काम मिळे, कधी दहा वाजता रिकाम्या हाताने परते. आम्ही त्याला बाईंकडे नेले आणि म्हणालो, "पोरगा प्रामाणिक आहे. काय द्यायचं ते द्या." या आमच्या वाक्यावर तिघेही खूश झालो. बाईंना स्वस्तात माणूस मिळाला, मुलाला सावलीतले काम मिळाले आणि आम्हांला सत्कर्म केल्याचे समाधान मिळाले.

मुलगा खरोखरच गुणी निघाला. थोड्याच दिवसांत तो बाईंना 'मावशी' म्हणू लागला. दोन वेळचे जेवण आणि खर्चाला अधूनमधून काही पैसे, असा त्याचा व्यवहार होता. काम मात्र वाढत गेले. दाट केसांच्या एका मोठ्या कुत्र्याला न्हाऊ घालून, वाळवून, गुंता सोडवून मोकळे करायला दीड तास सहज जातो. एकटी बाई दिवसात चार-पाचांच्या वर करू शकत नव्हती. मुलगा आल्यावर आकडा दुप्पट झाला. आता कोणालाच 'नाही' म्हणायचे कारण उरले नाही, असे त्यांना वाटले, आणि तिथेच पाऊल घसरले. दिवाळीत ठेवून घ्यायच्या कुत्र्यांची संख्या अकरावर गेली. रात्रीची राखण मुलाकडे, एकट्याकडे आली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी आकाश दणाणले. कुत्र्याचे कान माणसाहून तीक्ष्ण असतात. तो आवाज त्याला नुसता नकोसा नसतो, भयंकर वाटतो. एक कुत्रा भेदरून बाजेखाली शिरला. मुलाने हात घालून त्याला बाहेर ओढले. भ्यालेल्या जनावराला कोपऱ्यातून ओढायचे नसते, त्याला आपल्या पावलांनी बाहेर येऊ द्यायचे असते, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. कुत्र्याने मनगटाला कडकडून चावा घेतला. मुलाने जखमेवर हळद दाबली, फडके बांधले आणि कोणालाही सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्सात कम्युनियन घ्यायला आला, तेव्हा सुजलेला हात आमच्या नजरेस पडला. विचारले तर म्हणाला, "मावशींना सांगू नका फादर. काम जाईल."

आम्ही बाईंना बोलावून घेतले आणि त्याला पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी आधी समज दिली. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. हळद, मिरची, चुना काहीही लावायचे नसते. लशीला एक दिवसही उशीर करायचा नसतो, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, ती लक्षणे दिसण्याआधीच. आजही उपाय तोच आहे, वेळेवर टोचलेली लस. मग डॉक्टरांनी कुत्र्याविषयी विचारले. बाईंनी पिशवीतून फाइल काढली. त्या कुत्र्याचे नाव, वय, जात, लशींच्या तारखा, जंताच्या औषधाच्या तारखा, मालकाचा पत्ता, त्याच्या डॉक्टरांचा फोन, सारे नीट लिहिलेले होते. डॉक्टरांनी समाधानाने मान हलविली. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा म्हणाले. मग मुलाकडे वळून विचारले, "आणि याचं? याला आधी कसली लस दिली आहे? हा कुणाकडे कामाला आहे?"

त्या मुलाच्या नावाचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. वेतनाची नोंद नव्हती, विमा नव्हता, लस नव्हती. बाईंनी मान खाली घातली. आम्हीही घातली. कुत्र्याची फाइल पूर्ण होती आणि माणसाची फाइल उघडलीच गेली नव्हती.

तो कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला. मुलाने लशीच्या साऱ्या मात्रा घेतल्या, जखम भरून आली. परमेश्वराची कृपा. परंतु आमचे मन भरून यायला तयार नव्हते. 'काय द्यायचं ते द्या' हे आमचे शब्द कानांत घुमत राहिले.

पुण्यात रामवाडीला पेपल सेमिनरी आहे. तेराव्या लिओ पोप महोदयांनी १८९३ साली श्रीलंकेत कँडी येथे ती स्थापन केली आणि १९५५ साली ती पुण्याला आली. याच पोप महोदयांनी १८९१ साली श्रमिकांविषयीचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले, तेव्हा त्या परिपत्रकाची आठवण स्वतःच सांगितली. त्यात एक विचार आहे. मालक आणि मजूर यांनी आपसांत ठरविलेले वेतन तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजूर कमी मोबदला कबूल करतो, तेव्हा ती संमती नसते, त्याच्यावर झालेली जबरदस्ती असते. हे आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. आणि एका गरजू मुलाच्या वतीने तसलाच सौदा आम्ही स्वतः, धर्मगुरूचा झगा घालून, ठरवून आलो होतो.

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा तोबितचे पुस्तक उघडले आणि चकित झालो. छोटेखानी पुस्तक, पण त्यात मजुरीचा विषय वरचेवर येतो. तोबित आंधळा होतो तेव्हा त्याची पत्नी हन्ना विणकाम करून घर चालविते. एकदा मालक तिला पूर्ण मजुरी देतो आणि वर एक करडूही देतो. तर तोबितला ती चोरी वाटते आणि घरात भांडण जुंपते. मजुराला हक्काहून काही अधिक मिळू शकते, यावर त्या नीतिमान माणसाचाही विश्वास बसेना! पुढे तोच तोबित मुलाला उपदेश करतो की कामकऱ्याची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. आणि मग तोबियासाठी सोबती शोधताना तो काय करतो? आधी त्याच्या कुळाची चौकशी करतो. मग रोजचा एक द्राख्मा आणि मुलाइतकाच खर्च असे वेतन ठरवितो. सुखरूप परतलात तर वर बक्षीस देईन, असेही सांगून ठेवतो. प्रवास सफळ झाल्यावर तर तोबिया मिळकतीचा अर्धा वाटा त्या सोबत्यापुढे ठेवतो. तो सोबती राफाएल देवदूत होता, हे त्या घराला अगदी शेवटी कळते. म्हणजे वेतन ठरविताना त्यांनी त्याला साधा माणूसच समजले होते.

प्रभू येशूने मोलकरी मेंढपाळाविषयी सांगितले आहे. लांडगा दिसताच तो पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. प्रभूचा रोख होता धर्मपुढाऱ्यांवर आणि म्हणून तो आमच्यासारख्यांवर आधी लागू पडतो. पण आम्हांला त्या दिवशी वेगळेच सुचले. आमचा मोलकरी मुलगा तर पळाला नव्हता. फटाक्यांच्या कल्लोळात तो अकरा कुत्र्यांपाशी एकटा उभा राहिला होता. पळालो होतो ते आम्ही, त्याची जबाबदारी घेण्यापासून.

बाईंना हे सांगायला गेलो, तर त्या आमच्या आधीच वही घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "फादर, याला नीट पगार द्यायचा तर हिशोब बसत नाही." मग आम्ही तिघे मिळून तो हिशोब मांडू लागलो. शासनाने ठरविलेल्या किमान वेतनदरापासून सुरुवात केली. १९४८ च्या कायद्यापासून ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेपर्यंत या देशाने एवढे तरी तत्त्व मान्य केले आहे की श्रमाला एक तळ असावा. दहा माणसांखालच्या उद्योगांना कर्मचारी राज्य विमा योजना सहसा सक्तीची नसते. कायद्याचे जाळे जिथे संपते, तिथे सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

वही पाहता पाहता दोन गोष्टी उलगडल्या. पहिली ही की तोटा पगारामुळे नव्हताच. तो होता शनिवार-रविवारी झुंबड आणि मंगळवार-बुधवारी रिकामपण यामुळे. बाईंनी ठरावीक वाराला महिन्याचे ठरावीक गिऱ्हाईक बांधून घेतले आणि दर थोडे वाढविले. काही गिऱ्हाइके गेली. ज्यांची कुत्री त्या मुलाला पाहून शेपटी हलवीत, ती राहिली. दुसरी गोष्ट, माणूस ठेवल्याने कामाला मर्यादा राहत नाही, ही समजूत खोटी. प्रत्येक माणसामागे रात्री किती कुत्री ठेवायची, हे त्यांनी पक्के केले. त्याहून एकही अधिक घ्यायचा नाही, दिवाळीतही नाही. दिवाळीच्या रात्री तर दोन माणसे हजर हवीतच.

त्यानंतरच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या करायला धीर लागला. मुलाचे बँकेत खाते उघडले आणि दरमहा ठरलेल्या तारखेला वेतन जमा होऊ लागले. वर्षाला २० रुपये हप्त्याची दोन लाखांची सरकारी अपघात विमा योजना आहे, तिच्यात त्याचे नाव घातले. आठवड्याची सुट्टी ठरली. नवा माणूस आला की कुत्र्याला हात लावण्याआधी त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्यायची आणि तिचा खर्च मालकाने करायचा, असा नियम झाला. पहिले काही दिवस नवख्याने नुसते पाहायचे. कान मागे गेले, ओठ ताणले, अंग ताठ झाले, शेपूट पायांत गेले, तर हात आवरायचा. नखाच्या आतला जिवंत भाग कुठवर असतो, पावसाळ्यात गोचिड कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात कसे दडतात, हे शिकायचे. आणि चावा बसला, तर तासाभराच्या आत सांगायचे. सांगणाऱ्याचे काम जाणार नाही, हे बाईंनी भिंतीवर लिहून लावले. आमच्या मते त्या खोलीला खरा आशीर्वाद मिळाला तो त्या दिवशी.

पुढे सकाळच्या वेळेसाठी धर्मग्रामातील एक विधवा भगिनी कामाला आल्या. त्यांना शिकविले त्या मुलाने. दोन वर्षांनी त्याला एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनिसाची नोकरी मिळाली, बाईंना देता येण्याजोग्या पगाराहून अधिक पगाराची. बाई आमच्याकडे येऊन डोळे पुसू लागल्या. "शिकवून तयार केला आणि गेला." आम्ही त्यांना आठवण करून दिली की राफाएलही शेवटी निघून गेला होता. त्या डोळे पुसता पुसता हसल्या. जाताना मुलाने त्यांच्या पाया पडून आपल्या चुलतभावाला त्यांच्याकडे सोपविले, आणि या वेळी 'काय द्यायचं ते द्या' असे कोणी म्हणाले नाही. मुलाने स्वतःच आकडा विचारला. आम्हांला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला.

वाचकहो, आपल्यापैकी थोड्यांचाच असा व्यवसाय असेल. पण आपल्या घरी भांडी घासायला एखादी मावशी येते, कोणाच्या दुकानात एखादा पोऱ्या असतो, कोणाच्या वर्कशॉपमध्ये दोन मदतनीस असतात. आपण त्यांना सणाला साडी देतो, जुने कपडे देतो, अडीअडचणीला उसने देतो आणि स्वतःला दयाळू समजतो. दया चांगलीच. पण ज्याचे त्याला दिल्यानंतर जी उरते, ती दया. त्याआधी देतो ते तोबितच्या घरातल्या करडासारखे आहे. मजुरी पूर्ण दिली असेल तरच ते शोभते.

हे लिहीत असताना आमच्या धर्मगुरुनिवासाच्या स्वयंपाकघरातून पोळ्यांचा वास येत आहे. आमच्या मावशी अकरा वर्षे आमच्यासाठी रांधीत आहेत. इस्पितळातून परतल्यावर त्या आठवड्यात आम्ही धर्मग्रामाची जमाखर्चाची वही काढली, तेव्हा दिसले की त्यांचे वेतन पाच वर्षांत वाढलेले नाही. त्यांनी मागितले नव्हते आणि आम्हांला आठवले नव्हते. धर्मग्राम समितीपुढे आम्ही तो विषय मांडला, तेव्हा एका सभासदाने विचारले, "त्यांची काही तक्रार आहे का फादर?" आम्ही म्हणालो, "नाही. तीच तर आमची तक्रार आहे."

वेतन वाढले. मागील पाच वर्षांचा फरकही हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले आहे. तो पूर्ण फिटेपर्यंत तोबितच्या पुस्तकावर प्रवचन करायचे नाही, असे आम्ही मनाशी ठरविले आहे.